दुसऱ्या काट्यावरचे वजन : मतदान यंत्राचे एका माजी केंद्राध्यक्षेने केलेले परीक्षण

कोल्हापूर जिल्ह्यातला मतदार मशीनचे बटणही दाबतो आणि कागदावर शिक्काही मारतो. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅट (मताची छापील चिठ्ठी दाखवणारे यंत्र) जोडलेले मशीन, महापालिका आणि जिल्हा परिषदेला व्हीव्हीपॅटविना नुसते मशीन, साखर कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँकेला रंगीत मतपत्रिका, आणि पदवीधर-शिक्षक मतदारसंघाला पसंतीक्रम लिहिण्याची, उमेदवार वाढले की वर्तमानपत्राच्या पानाएवढी होणारी मतपत्रिका, असे सगळे प्रकार आपल्याकडे एकाच वेळी नांदतात. माध्यमिक शाळेत गणित शिकवत असताना सहा निवडणुकांत मी मतदान केंद्राध्यक्ष होते आणि दोन सहकारी निवडणुकांत मतमोजणीच्या टेबलावर बसले. त्यामुळे हे परीक्षण तंत्रज्ञाचे नसून, मशीन उचलून नेलेल्या आणि गठ्ठे मोजलेल्या बाईचे आहे.

यंत्रावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न या जिल्ह्यात मतदानापेक्षा उसाच्या निमित्ताने जास्त वेळा निघतो. गाडी काट्यावर चढते, आकडा पडद्यावर उमटतो, पावती हातात पडते, आणि तरीही फडापासून चहाच्या टपरीपर्यंत ‘काटामारी’ हा शब्द कानावर येतोच. वैधमापन खाते काट्याची पडताळणी करते, भरारी पथके फिरतात, पण शेतकऱ्याचे मागणे वर्षानुवर्षे तेच आहे : आमची गाडी आधी बाहेरच्या काट्यावर चढवू द्या, मग तुमच्या. त्यात काटा खोटा असल्याचा आरोप असतोच असे नाही. काटा चोख असल्याचे दाखवण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही, एवढेच तो म्हणत असतो. मतदान यंत्राकडे मी याच नजरेने पाहते. ते बिघडवता येते का, याचे उत्तर अभियंत्यांनी द्यावे. त्याने दिलेला आकडा दुसऱ्या काट्यावर ताडून पाहता येतो का, एवढे मात्र मला कळते आणि तेच येथे तपासायचे आहे.

आधी वस्तूविषयी. संच तीन भागांचा असतो : पुठ्ठ्याच्या आडोशामागे बटणांचे बॅलट युनिट आणि त्याच्या शेजारी व्हीव्हीपॅट, आणि अधिकाऱ्याच्या टेबलावर कंट्रोल युनिट. बंगळूरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी कंपन्याच ते बनवतात. सध्याच्या एम-३ पिढीच्या मशीनची किंमत निवडणूक आयोगाच्या माहितीप्रमाणे सुमारे १७ हजार रुपये आहे आणि व्हीव्हीपॅटचा खर्च त्याहून वेगळा. सगळे बॅटरीवर चालते, त्यामुळे शाहूवाडी किंवा चंदगडच्या डोंगरातल्या शाळेत वीज गेली तरी मतदान थांबत नाही. एका बॅलट युनिटवर सोळा बटणे असतात. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ धरून नावे सोळाच्या पुढे गेली की दुसरे युनिट जोडावे लागते. अधिकाऱ्याने ‘बॅलट’ बटण दाबायचे, मतदाराने आपले बटण दाबायचे, लाल दिवा लागतो, काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती तुटून खालच्या मोहोरबंद पेटीत पडते आणि लांब बीप वाजते. हाताळायला यापेक्षा सोपे उपकरण सरकारी कामात माझ्या पाहण्यात नाही. तरीही माझ्या पहिल्या व्हीव्हीपॅट निवडणुकीत मीच घोळ घातला. व्हीव्हीपॅटच्या मागे एक नॉब असतो, तो वाहतुकीत आडवा आणि वापरताना उभा ठेवायचा असतो. मी तो आडवाच ठेवून दहा मिनिटे वायरी काढत-घालत बसले आणि अखेर शिपायाने तो फिरवून दाखवला.

मशीनचा सर्वांत भरवशाचा भाग मतदानाच्या आधी येतो. पहाटे साडेपाचला, मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान घ्यावे लागते. प्रत्येक उमेदवाराला मत पडते, ‘क्लोज’, ‘रिझल्ट’, ‘क्लिअर’ या क्रमाने बटणे दाबून आकडा पाहिला जातो, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या बाहेर काढून मोजल्या जातात, दोन्ही जुळले की चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात बंद होतात आणि मशीनला कागदी मोहोर लागते. काट्यावर आधी माहीत असलेले वजन ठेवून पाहावे, तसेच हे आहे. फक्त त्याचा फायदा घ्यायला माणसे हजर हवीत. एका निवडणुकीत साडेपाचला माझ्यासमोर एकच प्रतिनिधी होता, तोही जांभया देत. बाकीचे साडेसातला कांदेपोहे खाऊन आले.

दुपारी एक म्हातारबाई आडोशातून बाहेर आल्या आणि दाराकडे जाण्याऐवजी माझ्या टेबलाशी थांबल्या. “बाई, चिठ्ठी आत पडली की वो. मला द्या की, जपून ठेवतो. डेअरीत लिटरभर दूध घातलं तरी पावती देत्यात.” सगळे हसले, पण आजींचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दुधाची पावती घरी नेता येते, कारण आपण किती दूध घातले हे गुपित नसते. मताची पावती हातात आली, की ती संध्याकाळी कुणाला तरी दाखवावी लागेल आणि दाखवल्यावरच पाकीट मिळेल. म्हणून चिठ्ठी मतदाराने पाहायची, पण न्यायची नाही. मतदानाचा हिशेब दुधाच्या हिशेबापेक्षा अवघड होतो तो इथे : मोजमाप तपासता आले पाहिजे, पण कुणाचे मत कुठे गेले हे मात्र कुणालाच कळता कामा नये.

मूळ मशीनची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्याचे अडाणीपण. त्याला उमेदवार माहीत नसतो, पक्ष माहीत नसतो. तिसऱ्या क्रमांकाचे बटण दाबले गेले, एवढेच त्याला कळते. नावांचा क्रम अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर ठरतो, आणि कोणते मशीन कोणत्या केंद्रावर जाईल हे दोनदा होणाऱ्या सरमिसळीनंतर. त्यामुळे कारखान्यात मशीन बनवणाऱ्याला शिरोळच्या एखाद्या शाळेत तिसरे बटण कुणाचे असेल याचा पत्ता लागणे शक्य नसते. मशीनला इंटरनेट नाही, वाय-फाय नाही, ब्लूटूथ नाही. मोबाइलवरून मत फिरवल्याच्या कथा कट्ट्यावर रंगतात, पण ज्याने ती वायर स्वतः जोडली आहे त्याला त्या पटणे कठीण आहे. हे खरे, की २०१० मध्ये हरिप्रसाद या तंत्रज्ञाने आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्या वेळचे एक मशीन हातात मिळाल्यावर त्याचा आकडा बदलता येतो हे दाखवून दिले होते. पण त्यासाठी मशीन हातात घेऊन उघडावे लागले. म्हणजे कुलूप, मोहोर आणि पहारा यांची किंमत मशीनमुळे कमी होत नाही, उलट वाढते.

व्हीव्हीपॅट आल्यावर मात्र या अडाणीपणाला एक भोक पडले. चिठ्ठीवर नाव आणि चिन्ह छापायचे, तर ते उमेदवार ठरल्यानंतर बाहेरून, सिम्बॉल लोडिंग युनिटच्या मार्गाने, यंत्रात भरावे लागते. शिवाय बॅलट युनिटची वायर व्हीव्हीपॅटमधून जाऊनच कंट्रोल युनिटला मिळते. गैरप्रकार झाला असे मी म्हणत नाही. ज्याला काहीच माहीत नव्हते त्याला आता काहीतरी सांगितले जाते, एवढा फरक झाला आणि तो लहान नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २६ एप्रिल २०२४ च्या निकालात कागदी मतपत्रिकांकडे परत जाण्याची मागणी फेटाळताना ही लोडिंग युनिटे मोहोरबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवण्याचा आदेश दिला. त्याच निकालाने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के मशीनची तपासणी मागण्याचा हक्क दिला. सुरुवातीला त्यासाठी एका संचामागे ४७,२०० रुपये भरावे लागत होते आणि तपासणी म्हणजे बहुतांशी पुन्हा अभिरूप मतदानच होते. काट्याबद्दल तक्रार केल्यावर त्याच काट्यावर वीस किलोचे वजन ठेवून दाखवावे, तसा तो प्रकार वाटतो.

आता मुख्य मुद्दा. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी हाच आपला दुसरा काटा आहे, आणि कायद्याने त्याचे वजन मोठे मानले आहे : मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा यांत फरक पडला, तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. प्रश्न एवढाच, की या काट्यावर किती गाड्या चढवायच्या. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. आपल्या जिल्ह्यात दहा मतदारसंघ आहेत, म्हणजे पन्नास केंद्रे. राज्यात २८८ मतदारसंघांची मिळून १,४४०. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत या १,४४० केंद्रांत कुठेही तफावत आढळली नाही, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले.

येथे थोडे गणित करू द्यावे, सवय जात नाही. राज्यातल्या दर शंभर मशीनमागे एकात जरी गडबड असती, तरी १,४४० च्या नमुन्यात त्यांतले एकही न सापडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी आहे. तेव्हा राज्यभर सरसकट मशीन फिरवली गेली, हा दावा या आकड्यापुढे टिकणे अवघड आहे. पण एकाच मतदारसंघाचा विचार केला की चित्र पालटते. समजा तीनशे केंद्रे आहेत आणि त्यांपैकी फक्त दहा मशीनमध्ये खोट आहे. पाचांच्या नमुन्यात त्या दहांतले एकही न येण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के निघते. शंभर मशीनमध्ये खोट असेल तर तीच शक्यता १३ टक्क्यांवर येते. म्हणजे ‘पाच’ हा आकडा मोठी चोरी पकडायला पुरेसा आणि अटीतटीच्या लढतीतली छोटी चोरी पकडायला अगदीच अपुरा आहे. विजयाचे अंतर पन्नास हजारांचे असो की पाचशेचे, नमुना पाचाचाच, हे कोणत्याही गणिताच्या शिक्षकाला खटकेल. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून अंतर जितके कमी तितके कागद जास्त मोजण्याची पद्धत राज्यभर चालते. सगळ्या चिठ्ठ्या मोजा या मागणीला मी पूर्वी पाठिंबा देत असे. आता मला वाटते, की अंतर कमी असेल तेथे सगळ्या मोजाव्यात आणि अंतर मोठे असेल तेथे पाचावरही भागेल.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतो. त्यात मशीनमध्ये नोंदलेल्या मतांची एकूण संख्या असते आणि त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची असते. २०२४ मध्ये संध्याकाळी पाच वाजता ५८.२२ टक्के असलेले राज्याचे मतदान शेवटी ६६.०५ टक्के झाले, तेव्हा वाढीव मते आली कुठून असा गदारोळ झाला. आपल्या करवीरमध्ये तर मतदान ८५ टक्क्यांच्या घरात गेले. सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या वाटून रात्रीपर्यंत मतदान घ्यावे लागते, हे मी स्वतः केले असल्यामुळे वाढीचे मला आश्चर्य वाटले नाही. त्या शंकेचे उत्तर आधीपासून कागदावर असते, हेच लोक विसरतात. माझ्या शेवटच्या निवडणुकीत सातपैकी दोनच प्रतिनिधी १७-सीची प्रत घ्यायला थांबले होते आणि उरलेल्या पाच प्रती मी लिफाफ्यात घालून परत पाठवल्या. आक्षेप घेणाऱ्या पक्षांनी आधी आपल्या माणसांना त्या पाच प्रती घ्यायला बसवावे.

कागदाचेही परीक्षण त्याच कसोटीने केले पाहिजे. एका साखर कारखान्याच्या मोजणीला मी सकाळी आठला बसले ती दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. आधी पेट्या रिकाम्या करून रंगांप्रमाणे मतपत्रिका वेगळ्या करायच्या, पन्नासाचे गठ्ठे बांधायचे, मग सरळ पॅनेलची मते एकीकडे आणि ‘क्रॉस’, म्हणजे दोन्ही पॅनेलमध्ये वाटलेली, दुसरीकडे. पेटीतून मतांबरोबर चिठ्ठ्याही निघतात. ‘आधी मागच्या उसाचं बिल द्या, मग मत मागा’ अशी एक चिठ्ठी माझ्या टेबलावर आली आणि दोन्ही पॅनेलच्या प्रतिनिधींनी ती शेजाऱ्याकडे सरकवली. मशीनमध्ये ही सोय नाही, याची थोडी हळहळ वाटते. मध्यरात्री एका मतपत्रिकेवरचा शिक्का विमान आणि कपबशी यांच्यामधल्या रेषेवर बसलेला निघाला आणि त्या एका शिक्क्यावर वीस मिनिटे वाद चालला. त्यानंतर एका गठ्ठ्यात पन्नासऐवजी एकोणपन्नास मतपत्रिका असल्याचे एका प्रतिनिधीच्या लक्षात आले. पुन्हा मोजणी झाली आणि हरवलेली मतपत्रिका शेजारच्या गठ्ठ्यातल्या दुसऱ्या मतपत्रिकेला चिकटलेली सापडली. चूक आमची होती, पण ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली आणि डोळ्यांदेखतच सापडली. कागदाचा हाच गुण आहे. सातवी शिकलेला प्रतिनिधीही तो तपासू शकतो. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ ला तेथील मतदान यंत्रे अवैध ठरवताना हेच कारण दिले : मतदान आणि मोजणीचे मुख्य टप्पे सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत.

म्हणून कागद म्हणजे पावित्र्य असेही नाही. मतपेट्या पळवणे, एकाच हाताने शेकडो शिक्के मारणे, पेटीत शाई ओतणे हे सगळे कागदाच्याच काळात झाले आणि मशीन आणण्यामागे तेही एक कारण होते. पुणे पदवीधर मतदारसंघात, जिथे प्रत्येक मतदार पदवीधर असतो, २०२० मध्ये बाद मते हजारोंच्या घरात गेली. जांभळा स्केचपेन हातात देऊनही पसंतीचा आकडा नीट लिहिणे आम्हा शिकलेल्यांना जमले नाही. कागद किती लवकर भ्रष्ट होतो आणि तरीही कसा पकडला जातो, हे चंदीगडच्या महापौर निवडणुकीत एकाच प्रकरणात दिसले : ३० जानेवारी २०२४ ला पीठासीन अधिकाऱ्याने पेनाने खुणा करून आठ मते बाद ठरवली, ते कॅमेऱ्यात आले आणि २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या मतपत्रिका स्वतः पाहून निकाल फिरवला. मशीनमध्ये असे करणे फार अवघड होते. पण झालेच असते, तर न्यायमूर्तींना हातात घेऊन पाहण्यासारखे काय उरले असते? डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन पाहायचे ठरवले आणि प्रशासनाच्या जमावबंदीमुळे ते थांबवावे लागले. त्या प्रयोगाला कायद्याने किंमत नव्हती, परंतु गाडी दुसऱ्या काट्यावर चढवण्याची त्यांची इच्छा मला समजते.

मशीनचा एक दोष सहसा कुणी बोलत नाही, पण कोल्हापुरात तो रोज जाणवतो. मशीनची मोजणी केंद्रनिहाय होते आणि केंद्रनिहाय आकडे जाहीरही होतात. कागदाच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजता येत असत. आता निकालाच्या दुसऱ्या दिवशी कोणत्या पेठेने, कोणत्या तालमीच्या हद्दीने कुणाला किती मते दिली याचा हिशेब नेत्यांच्या खिशात असतो, आणि पुढची पाच वर्षे गटार कुणाचे आधी होणार हे त्यावरून ठरते असे लोक उघड बोलतात. अनेक मशीनचे आकडे एकत्र दाखवणारे टोटलायझर वापरावे, असा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्येच दिला होता आणि विधी आयोगानेही २०१५ मध्ये तशी शिफारस केली. ते प्रत्यक्षात आलेले नाही. मला विचाराल तर सामान्य मतदाराला चिपमधल्या चोरीपेक्षा या उघड आकड्याची भीती जास्त वाटायला हवी.

मोबाइलवरून मतदानाचा अनुभवही सांगते, थोडक्यात, कारण त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. आमच्या एका संघटनेने कार्यकारिणीची निवडणूक एका खासगी कंपनीच्या अ‍ॅपवर घेतली. ओटीपी आला, दोन मिनिटांत मत दिले, संध्याकाळी निकाल लागला. माझ्या एका जुन्या सहकारी बाईंचे मत त्यांच्या मुलाने जेवणाच्या टेबलावर बसून दिले आणि वर ‘आई, तुझं काम करून टाकलं’ असे सांगितले. आडोसा नाही, प्रतिनिधी नाही, चिठ्ठी नाही आणि मोजणी कुणी पाहिलेली नाही. सहल कुठे काढायची हे ठरवायला हे अ‍ॅप चांगले आहे.

तर पाचपैकी गुण द्यायचेच झाले, तर व्हीव्हीपॅटसह मशीनला मी साडेतीन देईन. चिठ्ठ्यांच्या मोजणीचे प्रमाण विजयाच्या अंतराशी जोडले आणि आकडे केंद्रनिहाय जाहीर करणे थांबवले, तर साडेचार. सहकारातल्या मतपत्रिकेला, प्रतिनिधी जागे असतील तर तीन. झोपले असतील तर एक. व्हीव्हीपॅट नसलेल्या मशीनला दोनच, कारण त्याचा आकडा ताडायला दुसरा काटाच ठेवलेला नाही. अभिरूप मतदान आणि मोहोर चोख असूनही हे गुण कमीच राहतात.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेच्या मतदानाला मी निवृत्तीनंतर प्रथमच नुसती मतदार म्हणून गेले. प्रभागातल्या चारही जागांची बटणे एकेक करून दाबली, शेवटच्या बटणानंतर लांब बीप वाजली, आणि सवयीने माझी नजर शेजारच्या काचेकडे गेली. तिथे रिकामे बाक होते. बाहेर आल्यावर शाई लावणाऱ्या मुलीने विचारले, “मॅडम, काही राहिलं का?”